स्क्रीन सावलीत, हात उजेडात

ताईवरचा माझा राग अजून गेलेला नाही. लोक म्हणतात, दिवस गेले की राग निवतो. माझा निवलेला नाही, उलट कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानावरून जाताना नव्यानं उकळी फुटते. तिच्याशी बोलताना मी अहो-जाहो करायचे. पण चिडलेला माणूस मनातल्या मनात एकेरीवर येतो, आणि तिच्याकडे नोकरीला असलेली पाच वर्षं मी बहुतेक चिडलेलीच होते. त्यामुळे इथंही ती 'ती'च राहील.

बोरीवलीत, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर, एका सोसायटीच्या तळमजल्यावर तिचा गाळा होता. लग्नाचे फोटो काढणारे फोटोग्राफर त्यांचे फोटो आमच्याकडे आणून द्यायचे. आम्ही ते सुधारायचो, रंग नीट करायचो, पानं लावायचो आणि अल्बम छापायला पाठवायचो. आम्ही म्हणजे ती आणि मी. गाळ्यावर पाटी नव्हती. 'ज्याला कळतं तो येतो,' असं ती म्हणायची. ज्याला कळत नसे तो शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारायचा, आणि झेरॉक्सवाला 'ती राखाडी खोली ना?' म्हणून बोट दाखवायचा.

खोली खरंच राखाडी होती. भिंती राखाडी, छत राखाडी, पडदे राखाडी, टेबलावरचा सनमायकासुद्धा राखाडी. घरमालकीण एकदा डोकावली आणि 'घरात कुणी गेलंय का?' असं हळू आवाजात विचारून गेली. पहिल्या दिवशी मी हौसेनं लाल कुर्ता घालून गेले होते. ताईनं मला दारातच अडवलं. 

"लाल नाय चालणार. लाल रंग स्क्रीनवर सांडतो. डोळा बाटतो." 

असं म्हणून तिनं मला शाळेच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाचा असतो तसला एक राखाडी कोट दिला. तो कोट मी पाच वर्षं घातला, मे महिन्यातसुद्धा. गिऱ्हाइकांनाही सूट नव्हती. मोरपिशी साडी नेसून आलेल्या बाया उंबऱ्याबाहेर उभ्या राहून अल्बमबद्दल बोलायच्या. एक फोटोग्राफर पिवळाधमक टी-शर्ट घालून आत शिरला, तर तिनं त्याच्या गळ्याभोवती राखाडी चादर गुंडाळली. तो बिचारा दाढीला बसल्यासारखा तासभर बसून राहिला. रंग तपासायच्या खोलीत आजूबाजूला रंग नसावेत ही रीत जगभर पाळतात, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मला फक्त घाम कळत होता आणि कोट कळत होता.

ती गोराईच्या बाजूच्या कोळीवाड्यातली. तिची आई बोरीवलीच्या बाजारात मासळी विकायची, आणि बारावीपर्यंत तीही आईच्या शेजारी बसली होती. त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीचं माप तिच्याकडे मासळीत होतं. फोटो उघडला की म्हणायची, "आधी डोळा बघ. डोळा मेलेला असेल तर पुढे हात लावू नको." कुणी फोटोवर तयार फिल्टर मारून आणला तर म्हणायची, "बर्फात ठेवलं म्हणून शिळं ताजं होत नाय." माझ्या कामाला ती कधी छान म्हणाली नाही. फार झालं तर "खपेल" म्हणायची, आणि मी मूर्ख त्या एका शब्दावर आठवडा काढायचे.

तिचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे कुणाचाही चेहरा गोरा करून द्यायचा नाही. अल्बमच्या धंद्यात हे म्हणजे हलवायानं साखर घालणार नाही म्हणण्यासारखं. नवरीची आई यायची, कधी सासू यायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि आवाज खाली आणून म्हणायची, "जरा उजळ करा ना. फक्त चेहरा." मग ताई कपाटातून एक जाडजूड अल्बम काढून टेबलावर आपटायची. तो तिच्या स्वतःच्या लग्नाचा अल्बम होता. त्यात नवरीचा चेहरा पावडरच्या डब्यात बुडवल्यासारखा पांढरागुलाबी होता, आणि हिरव्या चुड्यातले हात मात्र तिचे, सावळे, जसेच्या तसे. 

"तोंड कुणाचं आणि हात कुणाचे?" ती विचारायची. "असं पायजे असेल तर रस्त्यापलीकडे करून देतात." 

तिची आई एकदा गाळ्यावर आली होती तेव्हा मला म्हणाली, "पोरीचं लगीन आम्ही लावलं, फोटोत बसली दुसरीच." म्हातारी हसत होती. ताई हसत नव्हती.

अर्धी गिऱ्हाइकं तो अल्बम बघून रस्त्यापलीकडे जायची. पण मला राग यायचा तो त्यामुळे नाही. ती पानं उलटायला लागली की गिऱ्हाईक आधी अल्बमकडे बघायचं, मग ताईकडे बघायचं आणि मग हटकून माझ्याकडे. मी ताईपेक्षा काळी आहे. तिच्या प्रत्येक भांडणात मी अशी फुकटची साक्षीदार व्हायचे, आणि तिच्या ते कधी लक्षातही यायचं नाही.

आमचं घर कांदिवलीला. आजोबा मालवणहून गिरणीत आले, गिरणी गेली, आम्ही राहिलो. मी पंचवीस वर्षांची झाले तशी आईनं माझ्यासाठी स्थळं बघायला घेतली. बायोडाटा तयार झाला आणि फोटोपाशी गाडी अडली. आई म्हणाली, "जरा उजळ कर गो बाय. लोकांचे फोटो करतंस, तुका येता मा सगळा." मी दोन दिवस नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी ताई बाजारात गेली असताना तिच्याच कॉम्प्युटरवर बसून मी माझा फोटो उजळ केला. काम मी चांगलंच करते. नाक, कपाळ, गळा, सगळं हलक्या हातानं, कुणाला शंका येणार नाही असं केलं. फोटोतली ती मुलगी मला आवडली, हे खोटं कशाला बोलू? तिला कुणीही पसंत केलं असतं.

फाइल पुसायची राहिली. दुसऱ्या दिवशी मी आत शिरले तर ती स्क्रीनवर उघडी होती.

"हे कोण?" ताईनं विचारलं.

"मी."

"तुला मी रोज बघते. ही कोण?"

"स्थळासाठी आहे, ताई. आईनं सांगितलं."

"केलं कुणी? आईनं?"

"मी."

ती स्क्रीनजवळ वाकली. "कान राहिले," ती म्हणाली. "तोंड केलंस, गळा केलास, कान तसेच. घाईत केलंस ना?"

मला वाटलं होतं, ती ओरडेल. ओरडली असती तर मी उलट ओरडले असते. पण ती कामातली चूक दाखवून चहाला निघून गेली, आणि माझे ते दोन काळे कान स्क्रीनवर तसेच राहिले. मी कान केले नाहीत. हट्टानं फोटो तसाच आईला दिला.

मुलुंडचं एक कुटुंब त्या फोटोवर आलं. मुलगा, त्याचे आई-वडील आणि एक आत्या. मी पोहे घेऊन बाहेर आले. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, पर्समधून मोबाईल काढला, फोटो बघितला आणि परत माझ्याकडे बघितलं. "फोटो कधीचा आहे?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "ह्याच वर्षाचा." आत्याबाईंनी मोबाईल मुलाच्या आईकडे दिला. तो मोबाईल माझ्या देखत तिघांच्या हातांतून फिरला आणि सगळ्यांनी पोहे छान झालेत असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळवून झाली होती. आई माझ्यावर उखडली, "जास्तच केलंस तू." मी तिच्यावर उखडले, "तूच सांगितलंस." बाबा टीव्हीचा आवाज वाढवून बसले.

गाळ्यावर गेले तर ताईनं विचारलं, "काय झालं गं मुलुंडचं?"

"पत्रिका जुळली नाही."

"कानांमुळे असेल," ती म्हणाली.

ती विनोद करत होती. तिला तो विनोद वाटत होता! मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "तुझा घसा बसलाय का?"

या सगळ्याच्या आगेमागे आमचा कॉम्प्युटर मरायला टेकला होता. कॅबिनेटचं एक दार काढून त्याच्या पोटात टेबलफॅन सोडलेला होता. मोठी फाइल उघडायला घेतली की मी चहा करून, पिऊन, कप धुऊन यायचे. ऐन लग्नसराईत तो दिवसातून चारदा गोठायचा, आणि अर्ध्या तासाचं काम गेलं की ताई मलाच म्हणायची, "सेव्ह करायला काय होतं?" मी नव्या कॉम्प्युटरची नीट यादी केली. प्रोसेसर कुठला, रॅम बत्तीस जीबी, ग्राफिक्स कार्ड कसलं, स्क्रीन केवढी, सगळं कागदावर लिहून दिलं. तिनं कागद उलटसुलट बघितला आणि परत दिला.

"आतलं इंजिन तू बघ. तोंड मी बघणार."

तोंड म्हणजे स्क्रीन. ते तोंड बघण्यात चार महिने गेले.

अंधेरीच्या एका मोठ्या शोरूममध्ये रांगेनं पंचवीस स्क्रीन लावलेल्या होत्या, आणि सगळ्यांवर एकाच वेळी लाल-हिरवा पोपट उडत होता. विक्रेता म्हणाला, "बघा ना मॅडम, किती ब्राइट आहे." ताई म्हणाली, "मला पोपटांची लग्नं लावायची नाहीत. हे बंद कर, माझा फोटो लाव." तो म्हणाला, पेन ड्राइव्ह लावायला परवानगी नाही. ती म्हणाली, "कल्ला उघडून न दाखवता मासा विकतोस तू?" त्याला काही कळलं नाही, पण अपमान झालाय एवढं कळलं. त्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरलाही तिनं तेच विचारलं. 

घाटकोपरला एका दुकानदारानं पेन ड्राइव्ह लावू दिला, तर तिथंच स्टूल ओढून ती दीड तास एका नवरीचा आख्खा फोटो सुधारत बसली आणि शेवटी 'डोळ्यात पिवळं उतरतंय' म्हणून उठली. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "बेन, ये क्या करने आये थे?" प्रत्येक दुकानातून बाहेर पडताना ती एकच वाक्य म्हणायची, "दुकानातल्या उजेडात साडी घेऊ नये, मासा घेऊ नये, नवरा तर बघूच नये." मी मागून माझी घडी घातलेली यादी घेऊन चालायचे.

शेवटी बोरीवलीतच, आमच्यापासून दहा मिनिटांवरच्या एका दुकानात ती एका स्क्रीनपाशी थांबली. बराच वेळ बघितलं. मग दुकानाच्या मालकाला म्हणाली, "दाराशी आणा."

"काय दाराशी आणा?"

"स्क्रीन. बाहेरच्या उजेडात बघायची आहे."

बायका साडी घेताना पदर हातावर टाकून दुकानाच्या दाराशी येतात आणि खरा रंग बघतात, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. स्क्रीन दाराशी नेलेली मी तरी पाहिली नव्हती. मी म्हटलं, "ताई, उन्हात स्क्रीन कुणी बघतं का? काही दिसणार नाही." तिनं ऐकलं नाही. एक्स्टेन्शनची वायर आणली, एक स्टूल आणलं, विक्रेत्यानं आणि मालकानं मिळून ती स्क्रीन उचलून उंबऱ्याच्या आत, छपराच्या सावलीत ठेवली. सकाळचे अकरा वाजले असतील. समोर भाजीची गाडी, पलीकडे रिक्षांची रांग, क्लासला निघालेल्या मुली. ताईनं पेन ड्राइव्हमधला फोटो उघडला.

तो माझ्या हाताचा फोटो होता. नुसता हात, मनगटापासून बोटांपर्यंत, खिडकीच्या उजेडात टेबलावर ठेवलेला. कधीतरी मी काम करत असताना तिनं काढला असणार. मला माहीत नव्हतं.

"हात इकडे कर," ती म्हणाली आणि माझं मनगट धरून हात स्क्रीनच्या कडेला, पायरीवरच्या उजेडात धरला. "स्क्रीन सावलीत, हात उजेडात. असाच ठेव. हलवू नको."

मला पहिल्यांदा कळलंच नाही, काय चाललंय. मग कळलं. स्क्रीनवर माझा हात, शेजारी माझा हात, आणि ती एकदा इकडे एकदा तिकडे बघतेय. भाजीवाला गाडी सोडून जवळ आला. दोन रिक्षावाले आले. त्या मुली थांबल्या. स्क्रीन धरून उभा राहिलेला विक्रेता हसत म्हणाला, "मॅडम, मॉडेल तो गोरी लाने का ना! डिस्प्ले एकदम खिल के आता."

लोक हसले. मुलींपैकी एक तोंडावर हात धरून हसली, ती मला अजून दिसते. मी ताईकडे बघितलं. ही बाई चेहरा गोरा कर म्हणणाऱ्या सासवांच्या तोंडावर अल्बम आपटायची. शोरूमच्या मॅनेजरला मासेबाजारात उभं करायची. मला वाटलं, आता ह्या माणसाची वाट लागली. 

ताई काही बोलली नाही. तिनं माझं मनगट थोडं वळवलं.

"हलवू नको म्हटलं ना," ती म्हणाली. मग स्क्रीनला बोट लावून मालकाला म्हणाली, "हीच द्या. हिच्यात ही आहे तशी दिसते."

मी हात काढून घेतला. राखाडी कोट अंगावर होता, तो तिथंच पायरीवर काढला आणि तिच्या हातात दिला. "काय झालं गं?" असं ती म्हणाली, तेवढं ऐकलं. कांदिवलीपर्यंत मी चालत गेले. रागानं माणूस किती चालू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. तिचे फोन आले, मी घेतले नाहीत. चार दिवसांनी येणंही बंद झालं.

पुढे दीड वर्ष मी अंधेरीच्या एका ऑफिसात हेच काम केलं. तिथं मशिनं नवीन होती, खोली पांढरी होती, मी लाल कुर्ते घालून जायचे आणि एक बटण दाबलं की पन्नास नवऱ्या एकदम गोऱ्या व्हायच्या. कुणी काही विचारायचं नाही. माझं लग्न ठरलं ते माझ्या धाकट्या बहिणीच्या फोनमधल्या एका फोटोवरून. त्यात माझे हात कणकेनं भरलेले होते आणि मी तिच्यावर ओरडत होते. तो फोटो तिनं कुठल्या मैत्रिणीला पाठवला, मैत्रिणीच्या चुलतभावानं बघितला. मुलगा घाटकोपरचा. बघायला आला तेव्हा म्हणाला, "फोटोतल्यासारखीच आहेस." मी तिथंच हो म्हणून टाकलं.

लग्नानंतर तीन महिन्यांनी अल्बम आला. सासूबाईंनी सगळ्या मजल्याला बोलावलं. मी पहिलं पान उलटलं आणि बघतच राहिले. माझा चेहरा पांढरागुलाबी. मेंदीचे हात माझे. नवऱ्याच्या शेजारी, सप्तपदीत, आईच्या गळ्यात पडून रडताना, सगळीकडे ती दुसरीच बसलेली. शेजारणी म्हणाल्या, "काय गोड आलीय!" मी नवऱ्याला आत बोलावून म्हटलं, हे मला चालणार नाही. तो म्हणाला, "अगं, अल्बममध्ये असतंच असं. कोण एवढं बघतं?" मी बघते. पाच वर्षं मी दुसरं काही केलं नाही. मी फोटोग्राफरच्या डोक्यावर बसून मूळ फोटो हार्ड डिस्कवर घेतले. ऑफिसातल्या स्क्रीनवर उघडून बघितले. त्या स्क्रीनवर मी राखेसारखी दिसत होते. दुसऱ्यांच्या नवऱ्या तिथं रोज करत होते, तेव्हा हे कधी जाणवलं नव्हतं. बोरीवलीतली ती एक स्क्रीन सोडली तर मी नीट दिसेन अशी दुसरी जागा मला ठाऊक नव्हती, आणि याचाही मला संताप आला.

गाळा तसाच होता. ताई आत एकटी होती. मी दारात उभी राहिले. अंगात निळा ड्रेस होता. तिनं ड्रेसकडे बघितलं, पण अडवलं नाही.

"लग्न केलंस," ती म्हणाली.

"हो."

"बोलावलं नाहीस."

"नाही."

मी अल्बम टेबलावर ठेवला. तिनं तीन-चार पानं उलटली. "कानसुद्धा केलेत," ती म्हणाली. "मन लावून काम करणारा माणूस आहे."

"ताई, मूळ फोटो आहेत माझ्याकडे. ते सगळे मला नव्यानं करायचेत. माझे मी करणार. मला फक्त ही स्क्रीन पाहिजे."

"मग बस की."

"बसणार नाही. आधी बोलायचंय." माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. "त्या दिवशी दुकानात तुम्ही मला विचारायला हवं होतं."

"काय विचारायचं होतं?"

"फोटो काढू का. हात धरू का. चार लोकांत नेऊन उभी करू का."

"विचारलं असतं तर आली असतीस?"

"नाही."

"मग? त्या स्क्रीनवर तू नीट दिसलीस म्हणजे सगळ्या नीट दिसणार. दुसरं कोण होतं माझ्याकडे?"

"तो तुमचा प्रश्न. नसते आले मी. हात माझा आहे."

मी एवढ्यावर थांबणार नव्हते. "आणि तो माणूस बोलला, सगळे हसले, तेव्हा तुम्ही तोंड उघडलं नाहीत. एरवी सासवांशी भांडता. माझ्या वेळेला तोंडात काय धरलं होतंत?"

"कुठला माणूस?"

"स्क्रीन धरून उभा होता तो."

"तो काय बोलला?"

मला वाटलं, सोंग घेतेय. मी तिच्याकडे नीट बघितलं. ती सोंग घेत नव्हती. पाच वर्षं मी तिला रंग बघताना पाहिलं होतं. शेजारी फटाका वाजला तरी तिला ऐकू यायचं नाही. दीड वर्ष मी ज्या वाक्यावर जळत होते ते तिनं ऐकलंच नव्हतं! आता ते मला माझ्या तोंडानं तिला सांगावं लागणार होतं. मी सांगितलं. गोरी मॉडेल, खिल के, सगळं. लोक हसले तेही सांगितलं. सांगताना माझा आवाज फुटला, त्याचा वेगळा राग आला.

ऐकताना ती समोरच्या बंद स्क्रीनकडे बघत होती. मग उठली, कोट काढून खुंटीला लावला, चपला घातल्या आणि मला म्हणाली, "तुझं चालू दे. पासवर्ड तोच आहे."

"तुम्ही कुठं निघालात?"

तिनं माफी मागितली नाही, ती आजतागायत मागितलेली नाही. दारातून तरातरा निघून गेली. मी खुर्ची ओढली आणि पहिला फोटो उघडला. हळदीचा होता. हळदीच्या पिवळ्याखाली माझा रंग जसा होता तसा होता. मी एकेक फोटो घेत गेले. काही करायला लागतच नव्हतं फारसं. नुसता उजेड सारखा करायचा होता.

तासाभरानं ती परत आली. घामाघूम झालेली, पदर खोचलेला, केस विस्कटलेले.

"तो माणूस तिथं नाय आता," ती म्हणाली. तिचा आवाज पार खरखरीत झाला होता. "सोडून गेला. वर्ष झालं."

"मग?"

"मग काय? जेवढे होते तेवढ्यांना बोलून आले. मालकाला पण." ती स्टूलवर बसली. "पाणी दे गं. घसा बसला माझा."